अंडी कमी झाली म्हणून सगळ्या कोंबड्या विकू नका, आधी एकेक हातात घेऊन बघा

परसात दहा-पंधरा कोंबड्या असलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात वर्षातनं एकदा तरी हा विषय निघतो. दाणा तेवढाच जातोय, टोपलीत अंडी मात्र दोन नाहीतर तीन, मग कुणीतरी म्हणतं काढून टाका सगळ्या आणि नवीन आणा, आजी म्हणते राहू दे रे एखादी तरी, आणि शेवटी दारात आलेल्या व्यापाऱ्याला नगावर सहा-सात कोंबड्या देऊन टाकल्या जातात. गंमत अशी की त्यात बऱ्याचदा सगळ्यात चांगली अंड्यावरची कोंबडी जाते आणि फुकट खाणारी मागे राहते, कारण फुकट खाणारी दिसायला देखणी असते. ते कसं ते खाली येईलच. माझं म्हणणं एवढंच की हा निर्णय सगळ्या कोंबड्यांचा एकदम घ्यायचाच नसतो, एकेकीचा घ्यायचा असतो, आणि त्याच्याही आधी दोन गोष्टी तपासून घ्यायच्या असतात.

हे सगळं ५ ते ३० कोंबड्या, दिवसा मोकळ्या फिरणाऱ्या आणि रात्री खुराड्यात बसणाऱ्या, अशा हिशोबानं लिहितोय. शेडमध्ये पाचशे लेअर, म्हणजे अंड्यासाठीच पाळलेल्या फार्मच्या कोंबड्या, असतील तर ते गणित वेगळं.

पायरी १: रोग नाही ना, हे आधी

एक-दोन कोंबड्या सुस्त बसल्यात, पंख गाळलेत, हगवण हिरवट-पांढरी आहे, मान वाकडी होतेय, तोंड उघडं टाकून श्वास घेतायत असं काही दिसलं तर ठेवू की विकू हा प्रश्नच बाजूला ठेवा. ही लक्षणं मानमोडीची म्हणजे राणीखेतची असू शकतात, आणि आपल्याकडे नेमकं उलटं होतं, मर लागली की लोक घाईघाईनं उरलेल्या कोंबड्या बाजारात नेतात, चार पैसे तरी येतील म्हणून. त्यातनं रोग आठवडे बाजारातनं दहा गावांत जातो आणि महिन्याभरानं परत आपल्याच आळीत येतो. एकदम बऱ्याच मेल्या तर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं, मेलेल्या ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायच्या. बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, २००६ च्या फेब्रुवारीत, आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात परत आला, त्यामुळे हे कुठंतरी लांबचं आहे असं समजू नका.

आजारावर औषध चालू असेल तर पाकिटावर किंवा डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत ना अंडी विकायची ना कोंबडी. जंताच्या औषधालाही हे लागू.

पायरी २: अंडी का थांबली ते शोधा

कोंबड्या ठणठणीत आहेत आणि तरी अंडी नाहीत, तर म्हातारपण हे शेवटचं कारण धरा. त्याच्या आधीची कारणं भरपूर आहेत आणि त्यातली निम्मी फुकटात सुटतात.

सगळ्यात कॉमन म्हणजे अंडी घालतायत पण तुम्हाला मिळत नाहीत. मोकळ्या कोंबड्या गवताच्या गंजीत, घाणेरीच्या झुडपात, शेजाऱ्याच्या गोठ्यात जागा धरतात. कोंबडी बहुतेक करून सकाळीच अंडं घालते, म्हणून चार-पाच दिवस खुराडं अकरा वाजेपर्यंत उघडूच नका, आत पाणी आणि थोडा दाणा ठेवा. एकदम अंडी वाढली तर तुमच्या कोंबड्यांचा दोष नव्हता. फुटकी टरफलं आणि पिवळ्या बलकाचे डाग दिसले तर कुणीतरी अंडी खातंय, मुंगूस, उंदीर नाहीतर कोंबडीच. अंडी खायची सवय लागलेली कोंबडी मात्र ठेवण्यात अर्थ नाही, तिचं बघून बाकीच्या शिकतात.

दुसरं, उजेड. कोंबडीला भरात अंडी द्यायला दिवसाचा १४ ते १६ तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा, त्यामुळे थंडीत अंडी घटतात यात कोंबडीची काही चूक नाही. खुराड्यात पहाटे चारच्या सुमाराला लागेल असा साधा एलईडी बल्ब लावला तर बराच फरक पडतो.

तिसरं, पीस झडणं. पावसाळा संपता संपता, दिवस लहान व्हायला लागले की कोंबड्या जुनी पिसं टाकतात, मानेपासनं सुरुवात होते, ध्यान अगदी भिकारी दिसतं, आणि त्या दोन-तीन महिन्यांत अंडी बंद. कोंबडी संपली असं समजून नेमकं याच वेळी लोक विकतात, वजनही कमी भरतं आणि भावही पडतो. या काळात नुसत्या कणी-कोंड्यावर ठेवू नका, पिसं प्रोटीनची असतात, सुकटीची कुटी, अझोला (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती), थोडी शेंगदाणा पेंड द्या. पेंड पावसाळ्यात बुरशी आलेली असेल तर बिलकुल नको, ती बुरशी कोंबडीचं लिव्हर खाते.

चौथं, खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसून राहणं. गावरान कोंबडी १२-१५ अंडी घालते आणि खुडूक बसते, वर्षातनं तीन-चार वेळा हे चालतं, म्हणून तिची वर्षाची अंडी ४० ते ६० च्या घरात. रवण घालायची, म्हणजे तिच्याखाली अंडी उबवायला ठेवायची नसतील तर तिला खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात चार-पाच दिवस ठेवा, दाणापाणी चालू ठेवून, खालनं गारवा लागला की खुडूक मोडतं. नाकात पीस खुपसायची किंवा पाण्यात बुचकळायची जुनी पद्धत सोडून द्या, उगाच हाल. आणि जी कोंबडी शहाण्यासारखी २१ दिवस बसते आणि पिल्लं घार-मांजरापासनं सांभाळते तिला अंड्यांच्या हिशोबात मोजूच नका, ती तुमचं मशीन आहे, वीज न लागणारं. गिरिराज, ग्रामप्रिया, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) असल्या सुधारित जातींना ही खोड कमी, त्यांची अंडीसुद्धा शेवटी गावरान कोंबडीखालीच ठेवावी लागतात.

बाकी राहिलं ते ऊन, पाणी आणि गोचीड-पिसवा. एप्रिल-मेमध्ये पाणी तापलेलं असेल तर कोंबडी खात नाही आणि अंडी देत नाही. गोचीड दिवसा दिसत नाहीत, रात्री टॉर्च घेऊन बसायच्या दांडीखालच्या फटी बघा. टरफल पातळ येत असेल तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवा.

एवढं करून महिनाभर थांबा. महिन्यानंतरही आकडा हलला नाही तर पुढं.

पायरी ३: रात्री टॉर्च लावून एकेक तपासा

ही खरी पायरी. अंधार पडल्यावर कोंबड्या शांत असतात, पळापळ नाही, एकेक उचलायची, बगलेत धरायची आणि बघायचं. पायात वेगवेगळ्या रंगाची प्लास्टिकची रिंग किंवा लोकरीचा धागा सैलसर बांधा, वहीत लिहा, नाहीतर सकाळी सगळ्या तांबड्या कोंबड्या सारख्याच.

तुरा आधी बघा. अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा लालभडक, भरीव आणि हाताला कोमट लागतो. बंद असलेलीचा आक्रसलेला, फिकट, कोंडा पडल्यासारखा.

मग शेपटीखाली. अंड्यावर असेल तर गुदद्वार मोठं, ओलसर, फिकट गुलाबी असतं, नसेल तर लहान, गोल, सुकं आणि पिवळट. त्याच्या दोन्ही बाजूला दोन हाडांची टोकं हाताला लागतात. त्या दोन टोकांमध्ये दोन-तीन बोटं आडवी मावत असतील तर कोंबडी चालू आहे, एकच बोट जेमतेम मावत असेल तर बंद. तसंच छातीच्या हाडाच्या टोकापासनं त्या हाडांपर्यंत तीन-चार बोटं अंतर आणि पोट मऊ हवं, कणकेच्या गोळ्यासारखं. पोट मोठं पण घट्ट, चरबीनं भरलेलं असेल तर ती नुसती खाऊन बसलीय. गावरान कोंबडी चणीनं लहान, तिला एखादं बोट कमीच धरा, पुस्तकी मापापेक्षा तुमच्याच कोंबड्या एकमेकींशी ताडून बघणं जास्त खरं.

आता तो देखणेपणाचा मुद्दा. पिवळ्या पायाच्या कोंबडीत अंगातला पिवळा रंग अंड्याच्या बलकात जातो, म्हणून जसजशी ती अंडी देत जाते तसतशी फिकी पडत जाते, आधी गुदद्वार, मग डोळ्याभोवतीची कडा, कानाची पाळी, मग चोच मुळाकडनं टोकाकडं, आणि सगळ्यात शेवटी पाय. पाय पांढरे पडायला चार-सहा महिने सलग अंडी द्यावी लागतात. अंडी थांबली की त्याच क्रमानं रंग परत येतो. म्हणजे सप्टेंबरात जिचे पाय हळदीसारखे पिवळे, पिसं चकचकीत, चोच सोन्यासारखी, तिनं बरेच महिने काही काम केलेलं नाही. आणि जी फाटकी, पाय पांढरे, शेपटीची पिसं तुटलेली, ती बिचारी राबतेय. व्यापारी आला की आपण फाटकी पुढं करतो! कडकनाथला ही परीक्षा चालत नाही, त्याचं सगळंच काळं, तिथं हाडं आणि तुराच बघायचा.

पीस कधी झडलं तेही लिहून ठेवा. जी पाऊस चालू असतानाच लवकर पीस टाकते आणि कितीतरी दिवस तशीच अर्धवट हिंडते ती कामाची नाही. जी उशिरा टाकते आणि भराभर नवीन पिसं आणते ती ठेवायची.

तरी शंका असेल तर आपल्या बायका करतात ते करा, सकाळी खुराडं उघडायच्या आधी कोंबडी चाचपून बघायची, अंडं असलं तर बोटाला लागतं. हात स्वच्छ, नख कापलेलं, बोटाला थोडं खोबरेल. रोज रोज नाही, शंका असेल तिचीच, आठवडाभर एक दिवसाआड. आणखी एक युक्ती, संध्याकाळी संशयित कोंबडीच्या गुदद्वाराला थोडी लिपस्टिक लावा, सकाळी कुठल्या अंड्यावर रेघ आली ते बघा. घरातली कुणाची लिपस्टिक ते विचारून घ्या फक्त.

यातनं तीन गट पडतात, चालू असलेल्या, बंद पण पीस झडतंय किंवा खुडूक आहेत म्हणून बंद, आणि विनाकारण बंद. विकायचा विचार फक्त तिसऱ्या गटाचा, आणि पहिल्या गटातल्या फार म्हाताऱ्यांचा.

पायरी ४: गणित, पण छोटं

भाव गावोगाव वेगळे म्हणून इथं धरलेले आकडे बदलून तुमचे टाका. समजा मोकळी फिरून वर कोंबडीला दिवसाला ५० ग्रॅम दाणा लागतो, महिन्याला दीड किलो, ३५ रुपये किलोनं ५२ रुपये. गावरान अंडं १२ रुपयाला जात असेल तर महिन्याला पाच अंडी दिली की कोंबडीनं स्वतःचं खाणं फेडलं. हीच कोंबडी बंदिस्त ठेवून पूर्ण दाण्यावर असेल तर दिवसाला ११० ग्रॅम, महिन्याला ११५ रुपये, म्हणजे दहा अंडी पाहिजेत. आणि अंडं ७ रुपयानंच जात असेल तर सतरा. याच्यावरनं कळेल की फिरायला जागा असलेल्या घरात म्हातारी गावरान कोंबडी ठेवणं तोट्याचं नसतं, शहराजवळ बंगल्याच्या मागं जाळीत ठेवलेली सुधारित कोंबडी मात्र दुसऱ्या वर्षानंतर खिशाला लागायला लागते.

वयाचं साधारण असं, पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त अंडी, दुसऱ्या वर्षी पंधरा-वीस टक्के कमी, तिसऱ्या वर्षी आणखी. लेअर फार्मवाले साधारण ७२ ते ८० आठवड्यांना काढतात, पण त्यांच्यासारखी घाई आपल्याला नाही. सुधारित जात दोन वर्षं, गावरान तीन वर्षं, रवणीची चांगली असेल तर त्याहून जास्त, असं मी धरतो.

कोंबड्यांचं काय? म्हणजे नरांचं. अंड्यासाठी कोंबडा लागतच नाही, पिल्लं काढायची असतील तरच लागतो आणि आठ-दहा माद्यांना एक पुरतो. जास्तीचे कोंबडे हे सगळ्यात आधी विकायचे, ते खातात, भांडतात आणि माद्यांच्या पाठीची पिसं उपटतात. ठेवलेला कोंबडाही वर्ष-दोन वर्षांनी बाहेरच्या घरचा आणून बदला, नाहीतर स्वतःच्याच लेकींवर तो चढतो आणि पिल्लं कमजोर निघतात.

पायरी ५: विकायचं तर कधी आणि कुणाला

आपल्याकडे कोंबडीचा भाव पंचांगावर चालतो. आखाडात मागणी फुटते, श्रावण लागला की एकदम गप्प, नवरात्रात तेच, मार्गशीर्षातले गुरुवार थंड, मग ३१ डिसेंबर, धुळवड आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रा. कोकणात गौरीला तिखटाचा नैवेद्य असणाऱ्या घरांत गावरान कोंबडा आधीपासनं सांगून ठेवलेला असतो. म्हणून जूनमध्ये तपासणी आणि आखाडात विक्री हे सगळ्यात बरं बसतं. श्रावणाच्या आदल्या आठवड्यापर्यंत थांबलात तर व्यापाऱ्याला तुमची घाई कळते.

व्यापाऱ्यापेक्षा गावातलं किंवा ओळखीचं गिऱ्हाईक बरं, दोन-चार जणांना आठवडाभर आधी सांगून ठेवायचं. हलकी गावरान कोंबडी नगावर, गिरिराज-वनराजसारखी जड जात किलोवर, घरून वजन करूनच न्या. सुधारित कोंबडी गावरान म्हणून खपवू नका, खाणाऱ्याला रश्श्यात लगेच कळतं आणि पुढच्या वर्षी तो येत नाही. नेताना पाय बांधून उलट्या लटकवू नका, डालग्यात किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात, पहाटेच्या गारव्यात. घरीच खायची तर म्हातारी कोंबडी तव्यावर नाही, कुकरला जास्त शिट्ट्या आणि पातळ रस्सा.

आणि घरात पोरांनी नाव ठेवलेली एखादी कोंबडी असतेच. ती ठेवा. वर्षाला सहाशे-सातशे रुपयाचा दाणा, एवढं घराला परवडतं, फक्त ती हिशोबाच्या वहीतनं वेगळी काढा म्हणजे बाकीचं गणित बिघडत नाही.

पायरी ६: बदलायच्या तर एकदम नाही

दरवर्षी साधारण एक तृतीयांश बदला. पंधरा असतील तर पाच जातात, पाच येतात, अंडी कधीच पूर्ण बंद पडत नाहीत आणि रोग किंवा फसवणूक झाली तरी नुकसान पाचाचंच. सगळ्या एकदम काढायची वेळ फक्त मोठी मर होऊन गेल्यावर येते, तेव्हा खुराडं रिकामं करून खाली अंथरलेला जुना भुसा जाळून, खरवडून, चुना मारून काही आठवडे उन्हात उघडं ठेवायचं.

वेळ फेब्रुवारीची. थंडी ओसरलेली असते, पिल्लांना बल्बची ऊब दोन-तीन आठवडेच लागते, पाऊस यायच्या आत ती मोठी होतात, आणि पाच-सहा महिन्यांनी जुलै-ऑगस्टला तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, अंड्यावर येतात. म्हणजे आखाडात जुन्या आणि नवीन बॅचमधले कोंबडे दोन्ही विकायला तयार, जागा मोकळी. जूनमध्ये आणलेली पिल्लं ओल आणि रक्ती हगवणीनं जास्त मरतात.

पाच तलंगा पाहिजेत तर पिल्लं बारा तरी आणा, एखाद-दोन मरतात आणि उरलेल्यात निम्मे नर निघतात. हे नर विकून सगळ्यांच्या दाण्याचा बराचसा खर्च निघतो. पिल्लांसाठी पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, नंबर आधी लावावा लागतो. लसी ठरलेल्या, पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीची लस), चौदाव्याला गंबोरो रोगाची, महिन्याच्या आसपास लासोटाचा बूस्टर, सहा ते आठ आठवड्यांत देवी रोगाची आणि आर-टू-बी (हीसुद्धा मानमोडीचीच). लसीची बाटली शंभर-दोनशे डोसची येते आणि एकदा फोडली की ठेवता येत नाही, म्हणून आळीतल्या चार घरांनी एकाच दिवशी ठरवून घ्या, बाटली थर्मासमध्ये बर्फात आणा.

काय घेऊ नये ते सांगतो. मोटरसायकलवर येणारी गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं, ती बहुतेक लेअर हॅचरीतले नर असतात, आयुष्यात अंडं देणार नाहीत. स्वस्तात मिळणाऱ्या तयार तांबड्या किंवा पांढऱ्या कोंबड्या ज्यांची चोच पुढनं कापलेली दिसते, त्या फार्ममधनं वय झालं म्हणून काढलेल्या लेअर, रश्श्याला ठीक, पाळायला नाही. आणि जास्त पैसे भरा, पक्षी आम्ही देतो, अंडी आम्हीच चढ्या भावानं घेतो असल्या स्कीम, २०१९ ला सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या नावावर लोकांचे किती पैसे बुडाले ते आठवा. कडकनाथ पक्षी वाईट नाही, पण वर्षाला अंडी शंभरच्या आतबाहेरच.

घरच्याच अंड्यातनं पिल्लं काढत असाल तर एक लक्षात घ्या, गावरानची पिल्लं गावरान निघतात पण ग्रामप्रिया, वनराज या संकर केलेल्या जाती आहेत, त्यांच्या अंड्यातनं निघालेली पुढची पिढी आईएवढी अंडी देत नाही, त्यांची पिल्लं दरवेळी केंद्रातनंच आणावीत.

पायरी ७: जुन्यात नवीन मिसळताना

बाहेरनं आणलेली मोठी कोंबडी तीन आठवडे वेगळी, वेगळं भांडं, आणि आधी जुन्यांना दाणा टाकून मग तिच्याकडं जायचं, उलट नाही. घरची पिल्लं जुन्यांच्या निम्म्याहून मोठी झाल्याशिवाय सोडू नका. मधे जाळी लावून आठवडाभर एकमेकींना बघू द्या, मग रात्री अंधारात दांडीवर नेऊन बसवा. सकाळी टोचाटोची होणारच, दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा म्हणजे गरीब कोंबडीलाही खायला मिळतं. रक्त निघालं तर मात्र लगेच बाजूला काढा आणि जखमेवर हळद-तेल लावा, लाल दिसलं की बाकीच्या तिथंच टोचत राहतात.

अजून अंडी देणाऱ्या जुन्या कोंबड्या विकायची घाई तलंगा आल्या आल्या करू नका, नवीनची अंडी रोज सुरू होईपर्यंत महिनाभर दोन्ही राहू द्या. तलंगांची पहिली अंडी बारीक येतात, कधी नुसतं पातळ कातडं, कधी दोन बलकाचं, घाबरायचं कारण नाही. ती रवणीला घालू नका, खायला वापरा, रवणीची अंडी दीड-दोन महिन्यांनी आकार बसल्यावरच उचला.